"दुखलं की घ्या": कंबरेच्या गोळीबद्दल दादाला कुणी न सांगितलेली गोष्ट

(हे ऑडिओ भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेलं 'म्हणजे, म्हणजे' थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आवाज येतोय ना नीट? मागे मधूनमधून ट्रक रिव्हर्स घेतल्याची पीं-पीं ऐकू येईल, तिकडे लक्ष देऊ नका. मी राहनाळला राहतो. इथे ट्रक रिव्हर्स घेत नाहीये अशी वेळ शोधून रेकॉर्डिंग करायचं तर पहाटे तीनला उठावं लागेल, आणि तीनलाही खात्री नाही. ज्यांना भिवंडी म्हटलं की फक्त पॉवरलूम आठवतात त्यांच्यासाठी सांगतो. अंजूरफाट्यावरून पुढे आलात की राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी हा जो पट्टा लागतो, तिथे आता भाताची शेतं कमी आणि गोदामं जास्त. तुम्ही रात्री अंथरुणात पडून मोबाईलवर जे काही मागवता, त्यातलं बरंचसं आमच्याकडच्या कुठल्यातरी गोदामातून कुणाच्यातरी पाठीवरून गेलेलं असतं.

त्यातली एक पाठ माझ्या दादाची. आजचा भाग त्याच्याबद्दल आहे. त्याला विचारून करतोय. त्याची एकच अट होती, "नाव घेऊ नको." तर नाव नाही. दादा एवढंच.

दादा लोडिंगचं काम करतो. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेटी उचलताना त्याच्या कंबरेत उसण भरली. म्हणजे अक्षरशः वाकलेला तो वाकलेलाच राहिला. दोघांनी रिक्षात घालून घरी आणला. आईनं शेकलं, तेल लावलं, पण फरक नाही. मग जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. बाहेर चाळीस माणसं बसलेली. आत गेल्यावर दादाचं सगळं सांगून, तपासून, कागद हातात पडेपर्यंत दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. कागदावर तीन गोळ्या. त्यातल्या एकीबद्दल डॉक्टर म्हणाले, "ही पेनकिलर आहे. दुखलं की घ्या."

बस. एवढंच.

आणि गोळी लागू पडली, हेही सांगायला हवं. दादा चौथ्या दिवशी कामावर गेला. आमच्या घरात त्या डॉक्टरांचं कौतुक झालं. गोळ्या संपल्या तेव्हा कंबर अजून ठणकत होती, म्हणून दादानं तोच कागद मेडिकलमध्ये दाखवून आणखी घेतल्या. पुढे कागद फाटला, तर कागदाचा फोटो दाखवून घेतल्या. त्याच्यापुढे फोटोही लागेनासा झाला, मेडिकलवाला ओळखायला लागला होता. सकाळी एक, संध्याकाळी एक. मग दुपारची एक आली. 'दुखलं की घ्या' सांगितलेलंच होतं, आणि लोडिंगवाल्याचं दुखणं कधी थांबतं का? असे अडीच महिने गेले.

मग आम्ही मुरबाडकडे एका लग्नाला गेलो, दोन मुक्काम. दादा गोळ्यांची पट्टी घरीच विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याला जांभयांवर जांभया. नाक गळतंय, डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, घाम, आणि दुपारनंतर जुलाब. रात्री पाय स्वस्थ ठेवता येईनात, झोपला की झटकायचा. आई म्हणाली, लग्नातलं पाणी बाधलं. मला वाटलं व्हायरल असेल. ओआरएस पाजत पाजत घरी आणला. घरी आल्यावर कंबर दुखते म्हणून त्यानं आपली नेहमीची गोळी घेतली, आणि तासाभरात सगळं गायब. जांभया, नाक, पाय, सगळं. जुलाबसुद्धा.

पेनकिलरनं सर्दी जाते? जुलाब थांबतात? तेव्हा मी पहिल्यांदा ती पट्टी हातात घेऊन बारीक अक्षरं वाचली. ब्रँडचं नाव मोठं, आणि खाली लिहिलेलं: ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल.

पॅरासिटामॉल तुम्हाला माहीत आहे. ट्रामाडॉल म्हणजे ओपिऑइड. मराठीत अफूच्या वर्गातलं औषध म्हणू या. हे कळल्यावर दादाचा चेहरा पांढरा पडला. तो मला म्हणाला, "म्हणजे मी गर्दुल्ला झालो का रे?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा भाग. कारण उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते 'नाही' नीट समजावून सांगायला मला पंधरा दिवस वाचावं लागलं. डॉक्टरांना ते पहिल्याच दिवशी एका मिनिटात सांगता आलं असतं.

आधी औषध समजून घेऊ. अफूच्या बोंडातून जो चीक निघतो त्यातून मॉर्फीन आणि कोडीन मिळतात. आपल्याकडे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, ती याच्यासाठीच. ट्रामाडॉल शेतात पिकत नाही, ते कारखान्यात बनतं. पण शरीरात गेल्यावर यकृत त्याचं जे रूपांतर करतं, ते मेंदूत मॉर्फीन जिथे जाऊन बसतं त्याच जागी बसतं. कुणाचं यकृत हे काम भराभर करतं, कुणाचं सावकाश. म्हणून एकाच गोळीनं एकाला काहीच होत नाही आणि दुसऱ्याला गरगरतं. मॉर्फीनपेक्षा हे बरंच सौम्य, हे खरं. त्यामुळेच वर्षानुवर्षं ते 'साधी पेनकिलर' म्हणून खपलं.

अशी औषधं रोज घेत राहिलं की शरीर त्यांच्या हिशेबानं स्वतःला जुळवून घेतं. मग अचानक औषध थांबलं की शरीर बोंबलतं. दादाच्या जांभया, काटा, जुलाब म्हणजे ते बोंबलणं. याला व्यसन म्हणत नाहीत. याला म्हणायचं शरीराला लागलेली सवय, आणि पुरेसे दिवस घेतलं तर ती भल्याभल्यांना लागते. व्यसन ही पुढची गोष्ट आहे. नुकसान दिसतंय, तरी मन औषधाकडेच धावतं, त्यासाठी खोटं बोलावं लागतं, पैसे उधार घ्यावे लागतात, ते व्यसन. सवय लागलेला प्रत्येक जण व्यसनी नसतो. पण त्या वाटेवर पहिलं पाऊल बऱ्याचदा हेच असतं, आणि ज्याला माहीतच नाही तो ओळखणार कसं? लग्नातलं पाणी बाधलं असंच समजणार.

आता याच औषधाच्या घराण्यातली दुसरी गोष्ट सांगतो, तीही आमच्याच घरातली. माझ्या काकीला कॅन्सर होता, हाडांपर्यंत गेलेला. मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये तिला मॉर्फीनच्या गोळ्या सुरू केल्या. ट्रामाडॉल नाही, थेट मॉर्फीन. आम्ही टरकलो. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी काकीला आणि मला समोर बसवलं आणि दहा मिनिटं मराठीत समजावलं. गोळी घड्याळ बघून दर चार तासांनी घ्यायची, दुखण्याची वाट बघायची नाही. पहिले दोन-चार दिवस झोप येईल, मळमळेल, मग ते कमी होईल. बद्धकोष्ठता मात्र होणारच आणि ती कमी होणार नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध रोज, न चुकता. डब्बा कुलपात ठेवायचा, दुसऱ्या कुणाला एकही गोळी द्यायची नाही. मनानं डोस वाढवायचा नाही आणि मनानं बंदही करायचा नाही. खूपच गुंगी आली, हाक मारून उठत नाही किंवा श्वास संथ वाटतोय, तर वाट न बघता घेऊन यायचं. शेवटी बाईंनी विचारलं, "आता तुम्ही मला सांगा, काय काय करायचं?" काकीनं आपल्या भाषेत सगळं परत सांगितलं, एक गोष्ट चुकली ती त्यांनी सुधारली.

काकी पुढे सात महिने होती. त्यातला बराच काळ ती ओट्यावर बसून शेजारणींशी गप्पा मारायची. मॉर्फीन नसतं तर हे झालं नसतं. म्हणून कृपा करून हा भाग ऐकून कुणी 'अफूचं औषध म्हणजे विष' असा मेसेज फॉरवर्ड करू नका. आपल्या देशात कॅन्सरच्या कित्येक पेशंटना मॉर्फीन मिळत नाही म्हणून ते तळमळतात. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकानं हॉस्पिटलं ते ठेवायलाच घाबरायची. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फीनसकट काही औषधांसाठी परवान्यांची कटकट कमी केली, तरी ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

मग बघा, जास्त ताकदीचं औषध काकीला आणि सौम्य दादाला. गोत्यात आला दादा. फरक कशाचा? त्या दहा मिनिटांचा.

डॉक्टर सांगत का नाहीत, हे मी माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना विचारलं. त्यांचा भिवंडीतच दवाखाना आहे. ते प्रामाणिकपणे बोलले. म्हणाले, "एक तर वेळ नाही. दुसरं म्हणजे माझ्याकडे येणारा कुणी तेलुगू बोलतो, कुणी भोजपुरी. तिसरं, मी 'सवय लागू शकते' म्हटलं की पेशंट दोन गोष्टींपैकी एक करतो. घाबरून गोळी टाकून देतो, नाहीतर मला वेडा समजून शेजारच्या दवाखान्यात जातो." वेळेची गोष्ट खरी आहे. २०१७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या आकड्यांची तुलना आली होती. त्यात भारतात साध्या दवाखान्यात डॉक्टर एका पेशंटला सरासरी जेमतेम २ मिनिटं देतात असं होतं. स्वीडनमध्ये २० मिनिटांच्या वर. राहनाळचा स्वीडन लगेच होणार नाही, मान्य. पण तिसऱ्या कारणावर मी त्यांच्याशी भांडलो. पेशंट घाबरेल म्हणून सांगायचं नाही, हे अमेरिकेत करून झालंय.

तिथली गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती भन्नाट आहे. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित नियतकालिकात एक पत्र छापून आलं, एक परिच्छेद, पाच वाक्यं. पत्र लिहिणारे होते पोर्टर आणि जिक. हॉस्पिटलात भरती असताना ज्यांना अफूच्या वर्गातलं औषध दिलं अशा ११,८८२ पेशंटच्या नोंदी त्यांनी बघितल्या आणि त्यात नव्यानं व्यसन लागल्याची नीट नोंद फक्त ४ जणांची सापडली, असं त्यांनी लिहिलं. भरती असताना, नर्सच्या हातून. घरी नेऊन महिनोन् महिने खाल्ल्या त्याबद्दल पत्रात अक्षर नाही. पण पुढची पंचवीस-तीस वर्षं हे पत्र 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून फिरत राहिलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात कुणीतरी मोजदाद छापली. पत्राचा दाखला ६०८ वेळा दिला गेला होता, आणि दाखला देणाऱ्या दहापैकी आठ लेखांत हे पेशंट हॉस्पिटलात भरती होते हा मुद्दाच गाळला होता. आपण व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटीला हसतो, इथे तर मोठमोठे डॉक्टर फॉरवर्ड करत होते.

या वातावरणात १९९६ साली पर्ड्यू फार्मा कंपनीनं ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. डॉक्टरांना सांगितलं की याचा धोका कमी. डॉक्टरांनी तेच पेशंटला सांगितलं. २००७ मध्ये कंपनीनं आणि तिच्या तीन बड्या अधिकाऱ्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, औषधाबद्दल दिशाभूल करणारी माहिती दिल्याचा. तोवर गावंच्या गावं त्यात अडकली होती. म्हणजे तिथे डॉक्टर खोटं बोलत होते असं सरसकट म्हणता येत नाही, त्यांनाच चुकीचं सांगितलं गेलं होतं. आपल्याकडे खोटंही कुणी सांगत नाही. सांगतच नाही.

आणि किती दिवस, हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते बघा. अमेरिकेच्या सीडीसीनं २०१७ मध्ये जवळपास १३ लाख पेशंटच्या नोंदी तपासल्या, ज्यांना कॅन्सर नव्हता आणि ज्यांना अशी गोळी पहिल्यांदाच मिळाली होती. एक किंवा जास्त दिवसांची गोळी मिळालेल्यांपैकी वर्षानंतरही घेत असणारे होते ६ टक्के. ८ किंवा जास्त दिवसांची मिळालेल्यांत १३.५ टक्के. आणि ३१ दिवसांच्या वर गेलेल्यांत जवळपास ३० टक्के. हे सगळे व्यसनी झाले असा याचा अर्थ नाही, काहींचं दुखणंच मोठं असेल. देशही वेगळा, औषधंही वेगळी. पण दादाचे दिवस मी मोजले तेव्हा ते पंचाहत्तर भरले.

कायदा काय म्हणतो? कायदा कागदावर बरा आहे. मार्च २०१४ पासून ट्रामाडॉल 'शेड्यूल एच-१' मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, डॉक्टरनं 'पुन्हा द्या' असं लिहिलं असेल तरच पुन्हा. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारनं ट्रामाडॉल एनडीपीएस कायद्याखालीही आणलं. आणि एवढं असून दादाला मोबाईलमधला फोटो दाखवून गोळ्या मिळत होत्या. आमच्या भिवंडीत कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचे साठे पकडल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपण म्हणतो, नशेखोर लोक. पण नशेखोर नसलेला माझा भाऊ, घामाच्या पैशानं, उजेडात, काउंटरवरून घेत होता.

पाकिटावर इशारा असतो, लाल चौकटीत. वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे घेणं धोकादायक आहे, अशा अर्थाचा, इंग्रजीत. पण दादा कधी अख्खी पट्टी घेतच नसे. चार गोळ्या, सहा गोळ्या. मेडिकलवाला कात्रीनं कापून द्यायचा, आणि लाल चौकट बऱ्याचदा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहायची. मी घरातले तुकडे जमवून बघितले. एकावर औषधाचं नाव अर्धं, एकावर नुसती एक्स्पायरी.

डॉक्टरनं सांगितलंच पाहिजे का, यावर सुप्रीम कोर्टाचा २००८ चा एक निकाल आहे, समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा. प्रकरण गोळीचं नव्हतं, ऑपरेशनचं होतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश काढले, संमती घेतली तिच्या आईची. कोर्टानं म्हटलं की पेशंटची संमती खरी ठरायची तर उपचार काय, कशासाठी, दुसरा पर्याय आहे का, मोठे धोके कोणते, हे त्याला आधी पुरेसं कळलेलं असलं पाहिजे. दूरचे, क्वचित होणारे धोके सगळे सांगायची सक्ती नाही. पण अडीच महिने घेतल्यावर शरीराला सवय लागणं हा काही क्वचितचा धोका नव्हे. महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांतही रुग्णहक्कांची सनद आलेली आहे, भिंतीवर लावायची असते. पुढच्या वेळी गेलात तर बघा आहे का. माहिती मिळणं हा त्यातला एक हक्क.

बरं, पण आत चाळीस माणसं खोळंबलेली असताना सनद काय वाचून दाखवणार? मी आता सोपं करतो. आईला घेऊन गेलो तरी करतो. कागद हातात आला की विचारतो, "डॉक्टर, यात ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल किंवा कोडीन आहे का?" असेल तर, "किती दिवस घ्यायची, आणि थांबवायची कशी?" आणि उत्तर कागदावर लिहून मागतो. नुसतं 'दुखलं की' चालत नाही, किती तासांच्या अंतरानं आणि दिवसाला जास्तीत जास्त किती हेही लिहून हवं. डॉक्टर चिडले असं अजून एकदाही झालेलं नाही. उलट एकदा त्यांनी ती गोळीच खोडली आणि साधी लिहिली.

आपल्याकडूनही त्यांना सांगायला हवं. कधी फिट आली असेल तर ट्रामाडॉलनं ती पुन्हा येऊ शकते. डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असतील तर तीच भीती, वर आणखी दुसऱ्या भानगडी. आणि सगळ्यात मोठं, दारू आणि झोपेच्या गोळ्या. या तिघांतली कुठलीही दोन एकत्र आली की श्वास मंदावू शकतो, झोपेतच. आमच्या इथे दिवसभर ओझं उचलून संध्याकाळी दोन पेग घेणारे किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको, पण 'पिता का?' हे दादाला कुणी विचारलं नव्हतं. टेम्पो किंवा फोर्कलिफ्ट चालवत असाल तर गुंगीचंही विचारा. बारा वर्षांखालच्या मुलांना ट्रामाडॉल आणि कोडीन देऊ नये असं अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्येच बजावलंय, अंगावर पाजणाऱ्या आईनंही टाळावं म्हणून सांगितलंय. तेव्हा घरातल्या उरलेल्या गोळीचा अर्धा तुकडा पोराला, हे कधीच नाही.

दादाचं पुढे काय झालं ते राहिलं. मी वाचलं होतं की एकदम बंद करायचं नसतं, म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. दादा बाहेरच्या बाकावर बसून म्हणत होता, परत जाऊ या, ते पोलिसांना सांगतील. पोलीसबिलीस काही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले, "तुमची चूक नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." दादा रडला. मी त्याला लहानपणानंतर पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्यांनी वहीच्या पानावर तारखा लिहून दिल्या, कुठल्या आठवड्यात किती गोळ्या, आणि शेवटची तारीख. कंबरेसाठी फिजिओचे व्यायाम. पाच आठवडे लागले. मधला एक आठवडा वाईट होता, चिडचिड, झोप नाही, पण निभावला.

तुमच्यापैकी कुणी असं अडकलं असेल तर मनानं बंद करू नका, डॉक्टरांना गाठा. लाज वाटत असेल तर आधी फोन करा. सरकारची नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. पुण्यात मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये गर्दच्या लाटेत डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं. आणि आपण व्यसनी आहोत की नुसती सवय लागली आहे, हे ठरवत बसू नका, ते काम त्यांचं.

ज्या डॉक्टरांशी मी भांडलो ना, त्यांचा परवा मेसेज आला. त्यांनी आता या गोळीसाठी एक वाक्य ठरवलंय, मराठी, हिंदी आणि कंपाउंडरकडून शिकून तेलुगूत: "ही पाच दिवसांची गोळी आहे, सहाव्या दिवशी दुखलं तर गोळी नको, मला येऊन भेटा." म्हणाले, घाबरून अजून कुणी पळालं नाही.

दादा कामावर आहे. पट्टा बांधून जातो. काल त्याच्या गोदामातल्या एका पोरानं मला गोळीचा फोटो पाठवला, "भाई, ये वही वाला है क्या?" कापलेला तुकडा, नाव अर्धंच दिसतंय. मी त्याला लिहिलंय, उरलेली अर्धी पट्टी मेडिकलवाल्याकडून बघून ये, आणि चिठ्ठीचा फोटो पाठव. अजून उत्तर नाही आलं. आलं की पुढच्या भागात सांगतो. चला, ट्रक आला परत.